डिझेल स्वॅपनंतर पायलट बुश वारंवार जातोय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी डायल गेज लावा

चौदा महिन्यांत तीन पायलट बुश (इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या टोकातली छोटी नळी), दोन क्लच प्लेटा आणि एक टॉप शाफ्टचं बेअरिंग (टॉप शाफ्ट म्हणजे इंजिनाकडनं गिअरबॉक्समधे येणारा शाफ्ट, त्याचं टोक याच बुशमधे असतं). तिसऱ्यांदा गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा बायको म्हणाली, ही जीप आता गोठ्यातच बांधा, म्हशीला तेवढीच सोबत. तर हे सगळं कशामुळं होत होतं ते शेवटी सापडलं, आणि सापडल्यावर कळलं की ओळखीतल्या आणखी दोन-तीन जुन्या जीपांना, ज्यांना डिझेल बसवलंय, त्यांना हेच दुखणं आहे, फक्त प्रत्येकजण दरवेळी नवा पार्ट टाकून गप्प बसतोय. म्हणून सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

आधी गाडी कुठली ते. महिंद्राची सीजे ३बी, १९७४ ची, ती उंच बॉनेटवाली. मूळचं इंजिन हरिकेन पेट्रोल, २१९९ सीसी, इनलेट व्हॉल्व्ह हेडमधे आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमधे असली जुन्या काळची रचना, मागं तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याला चिकटलेला डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). गाडी लई गुणी, पण लिटरला सहा-सात किलोमीटर, आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला चिखलात घातली की कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरचे नखरे सुरू. म्हणून डिझेल घालायचं ठरलं. इंजिन मिळालं महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल), २५२३ सीसी, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ एमएम, म्हणजे सरळ साडेतीन इंच आणि चार इंच, मापावरनंच कळतं की हे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं आहे. आयडलला गाडी हलते ती ट्रॅक्टरसारखीच. पण खालच्या आरपीएमला जो दम आहे तो चिखलात बघण्यासारखा.

गिअरबॉक्स घेतला चार गिअरचा केएमटी-९०, कारण तो डाना १८ ला जुळतो आणि ट्रान्सफर केस, लिव्हर, मागचं क्रॉसमेंबर यातलं फार काही हलवावं लागत नाही. इथंपर्यंत सगळं बरोबर. घोळ झाला तो मधल्या बेल हाऊसिंगमधे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, आत क्लच असलेल्या घंटीमधे. गिअरबॉक्सबरोबर जे बेल हाऊसिंग आलं ते पूजो डिझेलवाल्या जीपचं होतं, त्या २११२ सीसीच्या एक्सडीपी इंजिनाचं. गिअरबॉक्सला बरोबर बसतंय, पण डीआय इंजिनाच्या पाठीमागचे बोल्ट वेगळ्याच जागी. आता शहाण्या माणसानं थांबून डीआयचं बेल हाऊसिंग शोधलं असतं. मी थांबलो नाही, गणपतीच्या आधी गाडी रस्त्यावर पाहिजे होती. एका लेथवाल्याला पुठ्ठ्यावर इंजिनाच्या मागच्या तोंडाचा ठसा घेऊन दिला, त्यानं १६ एमएम जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट कापून दोन्हीकडची भोकं पाडून दिली, प्लेट मधे टाकून बोल्ट आवळले, गाडी सुरू झाली, नारळ फुटला. त्या माणसाची चूक आहे असं मी म्हणत नाही, पुठ्ठा मी दिलेला.

साधारण १८०० किलोमीटरला पहिली लक्षणं आली. ती ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं सांगतो, कारण बहुतेकांना यातली पहिली दोन दिसतात आणि ते क्लच बदलून मोकळे होतात.

सगळ्यात आधी आवाज. सकाळी गार असताना काही नाही, अर्धा तास चालवली की सिग्नलला क्लच दाबून पहिला गिअर टाकून उभं राहिलं की घंटीच्या आतनं बारीक कुईईई. क्लच सोडला की गायब. मग गरम असताना रिव्हर्स टाकताना खर्रर्र. क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद थांबलं तरी खर्रर्र. इंजिन बंद करून गिअर टाकला तर लोण्यासारखा पडतो. नंतर उतारावर टॉप गिअर उडायला लागला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला, करूळ घाटात खाली वैभववाडीकडे जाताना हे झालं तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण या जीपच्या ड्रम ब्रेकवर माझा विश्वास तेवढ्यास तेवढाच. आणि शेवटी क्लच सोडताना गाडी थरथरायला लागली.

आता हे आवाज वेगळे कसे ओळखायचे, कारण घंटीच्या आत आवाज करणाऱ्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गॅरेजमधे तिन्हींना मिळून "क्लचचं बेअरिंग गेलं" म्हणतात. इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, पाय क्लचवरनं पूर्ण काढलेला, तेव्हा टॉप शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. आवाज या अवस्थेत येतोय आणि क्लच दाबला की थोड्या वेळात मरतोय तर ते टॉप शाफ्टचं बेअरिंग, गिअरबॉक्सच्या तोंडावरचं. न्यूट्रलमधेच क्लच हलकासा दाबला, म्हणजे रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) तिच्या फिंगरला नुसतं टेकण्यापुरता, आणि तेवढ्यावर आवाज सुरू झाला तर तेच बेअरिंग. आणि क्लच पूर्ण दाबलाय, गिअर टाकलेला, गाडी उभी, तेव्हा आवाज येतोय तर पायलट. कारण पायलट बुश क्रँकबरोबर फिरतो आणि टॉप शाफ्टचं नाक त्याच्या आत असतं, क्लच सोडलेला असताना दोघं एकत्र फिरतात म्हणून बुशमधे घासायला काहीच नसतं, फक्त क्लच दाबून शाफ्ट थांबवला की मगच बुश शाफ्टवर घसरतो. ही टेस्ट फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि मी ती पहिल्या दोन वेळेला केली नाही.

पहिल्या वेळी क्लच प्लेट बदलली, बुश बदलला. ९०० किलोमीटर चालली. दुसऱ्या वेळी एकानं सांगितलं की डिझेलला बुश टिकत नाही, नीडल बेअरिंग टाक, ते टाकलं. हा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नको म्हणा, निदान लाईन, म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्स एका रेषेत आहेत का, ते तपासल्याशिवाय तरी. बुश मऊ असतो, तो स्वतः झिजतो आणि शाफ्ट वाचवतो. नीडलच्या सुया सरळ शाफ्टच्या नाकावर चालतात, लाईनमधे जरा फरक असला की नाकावर खड्डे पाडतात, आणि मग बुश नाही तर अख्खा टॉप शाफ्ट बदलायला लागतो. माझं ४०० किलोमीटरला तेच झालं, नाकावर रेघा. पॉलिश करून वाचला, पण थोडक्यात. त्याच खोलाखोलीत गिअरबॉक्सचं बेअरिंग बदललं, सिंक्रो बघितले, टॉप गिअर उडतोय म्हणून शिफ्टरच्या स्प्रिंगा आणि गोळ्या बदलल्या. टॉप गिअर तरीही उडत होता. इंजिनाचे माउंटिंग रबर बदलले. प्रत्येक वेळी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र खाली घ्यायचं म्हणजे चेन कप्पी, दोन माणसं आणि एक अख्खा रविवार.

सुया काढून परत बुशच टाकला होता, तो तिसरा बुश फेकून द्यायच्या आधी उजेडात धरून बघितला आणि तिथं गाडं वळणावर आलं. जुना बुश काढायचा उपाय माहिती असेलच, मधे ग्रीस ठासून भरायचं आणि शाफ्टच्या मापाची दांडी घालून वरनं हातोडा, ग्रीसच्या दाबानं बुश बाहेर येतो. तर तो बुश काय सांगतो ते असं. भोक एकाच बाजूला खाल्लं असेल तर बुशच क्रँकमधे वाकडा बसलाय किंवा क्रँकचं भोक मधोमध नाही. भोक तोंडाशी मोठं आणि आत बारीक, कर्ण्यासारखं झालं असेल तर गिअरबॉक्स कोनात बसलाय. आणि भोक सगळीकडनं सारखं मोठं झालंय, गोलच आहे पण शाफ्ट आत लडबडतोय, तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत नाहीत, समांतर आहेत पण बाजूला सरकलेत. कारण तेव्हा जोर कायम एकाच दिशेनं लागतो, पण बुश फिरत असल्यामुळं त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीनं त्या जोराखाली येते. माझा बुश गोलच मोठा झाला होता. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, टॉप शाफ्टच्या नाकावर जेमतेम ५ एमएम रुंदीचा चकचकीत पट्टा, बाकीचं नाक जसंच्या तसं काळपट. म्हणजे शाफ्ट बुशमधे फक्त ५ एमएम जात होता! १६ ची प्लेट मधे टाकली म्हणजे गिअरबॉक्स १६ नं मागं गेला, एवढं साधं गणित चौदा महिने डोक्यात आलं नाही, तिच्यायला.

टॉप गिअर का उडत होता तेही इथंच सुटलं. या गिअरबॉक्समधे टॉप म्हणजे डायरेक्ट, टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट स्लीव्हनं एकमेकांना बांधलेले. टॉप शाफ्ट पुढच्या टोकाला दुसऱ्याच रेषेत ओढला जातोय म्हटल्यावर तो प्रत्येक फेऱ्याला डुगडुगतो आणि स्लीव्ह थोडी थोडी मागं चालते, वरनं जोर निघाला की सुटते. क्लच प्लेटचं पण तसंच, तिचं हब टॉप शाफ्टवर आणि फेसिंग फ्लायव्हीलवर, दोघांचे मध्य वेगळे, मग रिव्हेट ढिले होणार नाहीतर काय होणार. म्हणजे चार वेगवेगळी दुखणी नव्हतीच.

आता मोजायचं कसं. डायल गेज (एमएमचा शंभरावा भाग दाखवणारी सुईची तबकडी) आणि मॅग्नेटिक बेस (लोखंडाला चिकटणारा त्याचा स्टँड) लागतो, विकत घ्यायची गरज नाही, कुठल्याही लेथवाल्याकडे असतो, एका दिवसासाठी मागून आणा, वर चहा पाजा. इंजिन गाडीतच राहू दे, मागच्या बाजूला ऑईल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकनं आधार द्या. गिअरबॉक्स वेगळा, क्लच आणि प्रेशर प्लेट काढलेली, फ्लायव्हील जागेवर, आणि नुसतं बेल हाऊसिंग प्लेटसकट इंजिनाला बोल्टनं आवळलेलं. मॅग्नेटिक बेस फ्लायव्हीलवर चिकटवायचा, आणि गेजचं टोक बेल हाऊसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीला लावायचं, ज्या भोकात गिअरबॉक्सची कॉलर बसते ते. बोल्टची भोकं नव्हे, ते मोठं मधलं भोक. गेजचा दांडा जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवा, लांब दांडा स्वतःच्या वजनानं लवतो आणि वरखाली खोटं रीडिंग देतो. मग इंजेक्टर काढून टाका, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून क्रँक आरामात फिरतो. एकाच दिशेनं फिरवा, मागं-पुढं करू नका.

घड्याळासारखं १२, ३, ६, ९ वर रीडिंग लिहायचं, गाडीच्या मागनं इंजिनाकडं बघत. माझं असं आलं: १२ वर शून्य, ३ वर अधिक ०.६१, ६ वर अधिक ०.८४, ९ वर अधिक ०.२३ एमएम. रीडिंग खरंय का बघायची एक सोपी युक्ती, १२ आणि ६ ची बेरीज ही ३ आणि ९ च्या बेरजेएवढी यायला पाहिजे. इथं दोन्हीकडं ०.८४, म्हणजे गेज नीट बसलाय. नाही जुळलं तर भोकात गंज, जुनं गास्केट किंवा बेस हललाय, साफ करून परत घ्या.

आता वाचायचं कसं तर समोरासमोरच्या दोन रीडिंगमधला फरक निम्मा करायचा. वरखाली ०.८४ चं निम्मं ०.४२, आडवं ०.६१ वजा ०.२३ म्हणजे ०.३८, त्याचं निम्मं ०.१९. अधिक रीडिंग म्हणजे गेजचं टोक आत दाबलं गेलं, म्हणजे तिथली भिंत क्रँकच्या मध्याला जास्त जवळ. खालची भिंत जवळ आहे याचा अर्थ भोक वर सरकलंय. म्हणजे माझं बेल हाऊसिंग ०.४२ नं वर आणि ०.१९ नं ९ च्या बाजूला. दोन्ही मिळून मध्य ०.४६ नं चुकलेला, पूर्ण फेरीत सुई एकूण ०.९२ फिरत होती. चालण्यासारखं किती, तर सुईची एकूण हालचाल ०.२५ एमएमच्या आत, इंचात दहा थाउ (इंचाचा शंभरावा भाग). जवळजवळ चौपट होतं माझं. बुशमधे क्लिअरन्सच जिथं ०.०३-०.०५ चा असतो तिथं अर्ध्या एमएमचा घोळ, आणि मी क्लच प्लेटच्या कंपनीला शिव्या देत होतो.

त्याच बसणीत गेजचं टोक हाऊसिंगच्या मागच्या सपाट तोंडावर लावून तेही बघून घ्या, कोनाचा फरक त्यात कळतो. फक्त क्रँक पुढं-मागं सरकतो म्हणून प्रत्येक रीडिंगला फ्लायव्हील एकाच बाजूला दाबून धरायचं. माझं तिथं ०.०८, काही करायची गरज नव्हती, प्लेट ग्राइंडिंग केलेली होती तेवढं एक बरं.

वर कसं सरकलं? प्लेटमधे बोल्टची भोकं ११ ची, बोल्ट १० चे. चारी बाजूंनी अर्धा एमएम मोकळीक. आणि बसवताना गिअरबॉक्स चेन कप्पीला टांगलेला, जरा जास्त वर ओढून धरलेला, त्याच अवस्थेत बोल्ट आवळले. बोल्टचं काम धरून ठेवायचं, जागेवर बसवायचं काम डॉवेल पिनचं, म्हणजे भोकात टच्च बसणाऱ्या गुळगुळीत खुंटीचं. कंपनीच्या इंजिनाला मागं दोन डॉवेल असतात ते उगाच नाही. माझ्या प्लेटमधे डॉवेलच्या जागी मोठी भोकं मारून दिलेली, "आडवं येतंय" म्हणून. अडगळीतनं जमवलेल्या इंजिनात तर कित्येकदा ते डॉवेल गायबच असतात, इंजिन घेताना ब्लॉकच्या मागं बोट फिरवून बघा.

दुरुस्तीचे मार्ग असे. पहिला आणि सगळ्यात बरा, त्या इंजिनाचं आणि त्या गिअरबॉक्सचं कंपनीचं बेल हाऊसिंग मिळवा, प्लेटची भानगडच नको. डीआय आणि केएमटी-९० ही जोडी कंपनीनंच दिलेली आहे, त्यामुळं भंगारात मिळतं, कुर्ल्याला सांगून ठेवलं होतं पण मला दोन महिने वाट बघायची नव्हती (हो, परत तेच). आणि मिळालं तरी डायल लावाच, कुणाच्या तरी अपघाताच्या गाडीतलं असू शकतं. दुसरा मार्ग ऑफसेट डॉवेल, म्हणजे पिनचं अर्ध अंग मध्यापासनं सरकवून टर्न केलेलं, ते फिरवून हाऊसिंग हवं तिकडं ढकलता येतं. फरक थोडा असेल आणि डॉवेल जागेवर असतील तर हे झकास.

मी तिसरा केला. उद्यमनगरात एका व्हीएमसीवाल्याकडे (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) इंजिनाच्या डॉवेलचं माप देऊन नवीन प्लेट करून घेतली, यावेळी पुठ्ठा नाही, ब्लॉकवरनं व्हर्नियरनं आणि पिन घालून घेतलेली मापं. त्यामुळं प्लेट इंजिनावर डॉवेलनं टच्च बसली, हलायचा विषय नाही. मग प्लेट आणि बेल हाऊसिंगमधले बोल्ट नुसते हातघट्ट करून, डायल लावलेला ठेवून, लाकडी हातोड्यानं टकटक करत हाऊसिंग खाली आणि ३ च्या बाजूला आणलं. हे काम चिडखोर माणसाचं नाही. टक केलं की ०.३ नं पळतंय, परत उलट्या बाजूनं टक. बोल्ट आवळताना पण सरकतं, म्हणून समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे आणि दर वेळी गेज बघायचा. दोन तास गेले, शेवटी सुईची एकूण हालचाल ०.१२ वर आणली आणि हात काढून घेतला. आता हे असंच सोडलं तर पुढच्या वेळी हाऊसिंग काढलं की परत सगळं मुसळ केरात, म्हणून आवळलेल्या अवस्थेतच, हाऊसिंगच्या कानातनं प्लेटपर्यंत, समोरासमोर दोन जागी ९.८ चं ड्रिल मारून हातानं १० चा रीमर फिरवला आणि दोन कडक डॉवेल पिन ठोकल्या. नंतर मुद्दाम सगळे बोल्ट काढून, हाऊसिंग खाली घेऊन, परत बसवून मोजलं. ०.१३. तिथं चहा प्यालो.

राहिला ५ एमएमचा प्रश्न. प्लेट १६ चीच ठेवली होती, कारण रिलीज फोर्क आणि क्लचची दांडी त्या मापानं आधीच जुळवलेली. म्हणून बुश नवीन केला, पायरीचा. एक अंग क्रँकच्या भोकात ०.०२ चा घट्ट बसणारा आणि गिअरबॉक्सकडं १२ एमएम बाहेर येणारा, म्हणजे शाफ्टचं नाक आता जवळजवळ पूर्ण आत जातं. मटेरियलबद्दल सांगतो, आपल्याकडे टर्नरला बुश म्हटलं की तो गनमेटलचा तुकडा उचलतो. तोही चालतो पण त्याला ग्रीस लागतं आणि घंटीच्या आत ग्रीस म्हणजे आज ना उद्या क्लच प्लेटवर. सिंटर्ड ब्राँझ मिळवा, ऑईलाइट म्हणून दांडा मिळतो, त्याच्या छिद्रात तेल राहतं. लेथवर आतलं भोक करताना टूल एकदम धारदार पाहिजे, बोथट टूलनं छिद्रं लिंपली जातात आणि मग तो नुसता ब्राँझ. बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑईलमधे बुडवून ठेवायचा.

आणि शाफ्टचं नाक आत क्रँकच्या तळाला टेकत तर नाही ना हे तपासा, नाहीतर गिअरबॉक्स आवळताना टॉप शाफ्ट मागं दाबला जातो आणि क्रँकचे थ्रस्ट वॉशर खाल्ले जातात. यासाठी मी घरनं कणकेचा गोळा आणला, बुशच्या तळाशी चिकटवला, गिअरबॉक्स एकदा पूर्ण बसवून काढला आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली, ३ एमएम. २-३ असली की पुरे. आईला वाटलं उंदराला ठेवतोय. गिअरबॉक्स हातानं ढकलून तोंडाला तोंड टेकलं पाहिजे, शेवटचे दोन सूत बोल्टनं ओढून बसवायची सवय असेल तर ती सोडा, त्यात क्लच प्लेटचं हब नाहीतर बुश वाकतो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

यावर एक-दोन गोष्टी ज्या अशाच दिसतात पण वेगळ्या आहेत. क्लच दाबल्याबरोबर इंजिनाचा आवाज खाली येतोय, जड होतंय, तर क्रँकचा एंड फ्लोट, म्हणजे तो पुढं-मागं किती सरकतो ते बघा, फ्लायव्हील पहारीनं पुढं-मागं ढकलून त्याच डायलवर मोजता येतो. थरथर गाडीच्या स्पीडबरोबर वाढते, न्यूट्रल करून उतारावर सोडली तरी राहते, तर तो क्लच नव्हे, प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधनं ॲक्सलकडं जाणारा). जीपचा मागचा प्रोपेलर आधीच वीतभर, त्यात प्लेट टाकल्यानं गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मागं गेले की मागच्याचा स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) आखडतो आणि पुढच्याचा ताणतो. मागं दोन माणसं बसवून, गाडी खड्ड्यात घालून, स्लिपमधे किती जागा उरते ते बघा. माझा मागचा शाफ्ट १५ एमएम कापून परत बॅलन्स करून घेतला.

स्पीडच्या मागं लागू नका हेही सांगतो. माझ्या डिफमधे (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलमधे) ४३ ला ८ दाते, म्हणजे ५.३८ चा रेशो, सहाशे-सोळाच्या (६.००-१६ मापाच्या) टायरवर टॉपमधे २५०० आरपीएमला ताशी ६३ च्या आसपास येतात. डिझेलला पेट्रोलसारखं पिळून हायवेला ८० नं पळवलं तर सगळे बोल्ट स्वतःहून निरोप घेतात. आणि कागदाचं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर चढवावं लागतं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचा बदल चालत नाही हे सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मधे सांगितलंय. गाडी घेऊन रस्त्यावर यायचं असेल तर पेट्रोलचं डिझेल करायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही. इन्शुरन्सवाला अपघातानंतर पहिलं हेच बघतो.

आता गाडी ३१०० किलोमीटर झाली. ५०० ला एकदा प्लेटचे आणि हाऊसिंगचे सगळे बोल्ट परत टॉर्कला बघितले, दोन जरा सैल होते, लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून आवळले. क्लच पेडलचा फ्री प्ले इंचभर ठेवलाय. करूळ घाट दोनदा उतरलो टॉपमधे पाय काढून, लिव्हर जागची हलली नाही. रिव्हर्स गरम असताना दोन सेकंद थांबलं की पडतो. एक घरघर अजून आहे, फोर व्हील टाकल्यावरच येते, ती डाना १८ च्या इंटरमिजिएट शाफ्टची वाटतीये, पावसाळा संपला की उघडतो.